चाकं आली की

"मला पाहायला आलते तवा चहा संपायच्या आत हो म्हणून मोकळे झाले. आन् चाकं पाहायला वर्ष लागायलंय यांना."

लातूरच्या त्या घराचं फाटक उघडताना कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. बोलणाऱ्या काकू अंगणात ज्वारी निवडत होत्या. ज्यांच्याविषयी बोलत होत्या ते काका प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, मोबाइल हातभर लांब धरून, सायकलच्या एका चाकाचा फोटो बघत होते. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, चाकाची कड न्याहाळली आणि परत लहान केला.

बारावीनंतरचं एक वर्ष मी मेडिकलच्या परीक्षेसाठी लातूरला काढणार होते. क्लास नांदेडलाही होते, आमच्या घरापासून चालत जाता येईल इतके जवळ. पण पप्पांच्या ऑफिसातल्या दोघांच्या मुली लातूरला राहून डॉक्टर झाल्या होत्या, त्यामुळे प्रश्न मिटला होता. मला कुणी विचारलं नाही असं नाही. विचारलं होतं. मी गप्प बसले होते, आणि आमच्या घरात माझ्या गप्प बसण्याला होकार समजतात.

खोली दाखवताना पप्पांच्या लक्षात आलं की दाराला कडी नाही. कडी होती तिथे चार भोकं होती आणि त्यांतून एक सुतळी ओवलेली होती.

"मुली राहतात, आणि दाराला कडी नाही?"

"काढून टाकल्यात समद्या," काका म्हणाले. "सुतळी हाय. गाठ मारायची. आतून ढकललं की तुटली पाह्यजे."

पप्पा माझ्याकडे बघायला लागले. काकूंनी ज्वारीतून मान वर न काढता खुलासा केला, "भूकंपात कड्या निघाल्या न्हाईत लोकांच्या. दारं अडकली. तवापासून यांचं असंय. फाटकाला कुलूप असतंय साहेब, मी हाय, कुत्रं हाय. पोरीला काय बी होत न्हाई."

भूकंपाला तेव्हा पंचवीस वर्षं होत आली होती. मी जन्मलेही नव्हते त्या वेळची गोष्ट. पण त्या घरात तो काल होऊन गेल्यासारखा होता, आणि उद्याही होणार असल्यासारखा.

घर चांगलं चार खोल्यांचं, स्लॅबचं. तीन खोल्यांत क्लासच्या मुली, चौथीत काकू. काका स्वतः अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याच्या खोलीत राहत. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की कावळाही त्यावर बसून लगेच उडायचा. काका आत ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसत, पण स्लॅबखाली येत नसत. जेवायला ओसरीपर्यंत येत. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून ते रिटायर झाले होते. काकू सांगायच्या की शाळेतही ते मुलांना झाडाखाली बसवायचे आणि साहेब तपासणीला आले की बोलणी खायचे.

घराचे नियम थोडे होते, पण मोडता येत नसत. डोक्याच्या वर काही ठेवायचं नाही. माळा नाही, भिंतीत फळी नाही, छताला पंखा नाही. पंखे सगळे जमिनीवर. पाण्याची टाकीसुद्धा अंगणात, त्यामुळे बाथरूममध्ये बादलीने पाणी न्यावं लागे. भिंतीवरचं घड्याळ कमरेच्या उंचीला होतं, वेळ बघायला वाकावं लागायचं. लिंबाच्या फांदीला वजनाचा स्प्रिंगचा काटा टांगलेला होता. नवीन मुलगी आली की तिची बॅग आधी त्या काट्याला लागे. माझी लागली तेव्हा काका म्हणाले, "कपडे कमी हायत. पुस्तकं जड हायत." मग पुस्तकं काढून वेगळी तोलली. "फिजिक्स लई जड. हे पलंगाच्या खाली. केमिस्ट्री टेबलावर चालंल."

माझ्या खोलीतली दुसरी मुलगी मुखेडची होती. ती दिवसभर बोलायची. भांडायची, हसायची, क्लासमधल्या सरांच्या नकला करायची. पहिल्या आठवड्यातच तिने मला सांगून टाकलं, "तू बोलत जा गं जरा. भिंतीसंग राहिल्यावानी वाटतंय." माझी अडचण अशी होती की माझी शाळा इंग्रजी, मराठीत बोलले तर दंड. घरात मराठी होती, पण ती घरापुरती. या मुलींच्या वेगात माझं वाक्य तयार होईपर्यंत विषय बदललेला असायचा. मग मी तोंड बंद ठेवून बघत बसायची सवय लावून घेतली. बघण्यासारखं भरपूर होतं.

काकांकडे दोन सायकली होत्या. दोन्ही मुलाच्या. पुण्यात नोकरीला असताना त्याला सायकलचं वेड लागलं होतं. मग लग्न झालं, मूल झालं, वेड उतरलं आणि सायकली लातूरला आल्या. एक रोडची, पातळ टायरची, हरणासारखी. दुसरी डोंगरात चालवायची, जाड टायरची, पुढे स्प्रिंगा असलेली. रिटायर झाल्यावर काकांनी एक दिवस सहज रोडची सायकल काट्याला लावली, तिचं वजन बघितलं आणि त्या दिवसापासून ती चालवायला लागले. "एवढ्या वजनात एवढा मोठा माणूस जातोय," असं ते येईल त्याला सांगत. पहाटे हाफ पँट घालून निघत. शेजारच्या आजीबाई फाटकाशी उभ्या राहून म्हणत, "मास्तर, म्हातारपणी चड्डीवर आलाव व्हय." काका घंटी वाजवत.

साठी झाली तेव्हा मुलगा म्हणाला, पप्पा, तुम्हाला कार्बनची चाकं घेऊन देतो. लोखंडापेक्षा, अॅल्युमिनियमपेक्षा हलकी. पण महाग असतात, तेव्हा एकाच सायकलची घेऊ. कोणत्या, ते तुम्ही सांगा.

त्याला वर्ष झालं होतं.

ही नुसती हौस असती तर काकूंनी हसून सोडून दिली असती. पण त्यात एक गाठ होती, आणि ती काकूंनी मला पहिल्याच महिन्यात भाकरी थापता थापता सांगितली. काकांचं गाव औशाच्या पुढे. भूकंपात गाव गेलं, काकांचे आई-वडील गेले. लोकांना नवीन गाव बांधून मिळालं. जुन्या जागेवर दगड, माती आणि बाभळी. काकू दर पितृपंधरवड्यात एसटीने जायच्या, पुढे पायवाटेने जुन्या घराच्या जागेपर्यंत, नैवेद्य ठेवून यायच्या. काका एकदाही गेले नव्हते. अंत्यविधीनंतर त्या वाटेला पाऊल टाकलं नव्हतं.

"दरसाली म्हणते, औंदा चला. आधी म्हणायचे शाळा हाय. मग म्हणले पाय दुखायलेत. आता म्हणतेत, चाकं आली की सायकलवर जाईन." काकूंनी भाकरी तव्यावर टाकली. "आन् चाकं काय ठरंनात."

मी "हं" म्हणाले. त्या घरातलं ते माझं बरंच मोठं वाक्य होतं.

चाकांविषयीची सगळी माहिती इंग्रजीत. काकांना इंग्रजी वाचता येई, पण असं वाचताना ते शब्दागणिक थांबत. मी इंग्रजी शाळेतली आहे हे कळल्यावर संध्याकाळी क्लासहून आल्या आल्या हाक यायला लागली, "इंग्लिश मिडियम, ये इकडं. वाच."

मग मी लिंबाखालच्या दगडावर बसून वाचायची. मोठ्याने. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझा आवाज ऐकायला थांबत होतं. आधी इंग्रजीत वाक्य, मग जमेल तशा मराठीत त्याचा अर्थ. माझं मराठी अडखळलं की काका शब्द पुरवत. अशा रीतीने मला "कड", "आरा" आणि चाकाच्या मधोमधचा "तुंबा" हे शब्द एका चाकातून मिळाले, आणि काकांना त्या चाकांविषयी जे माहीत नव्हतं ते माझ्यातून.

रोडच्या चाकांची कड खोल असली की सपाट रस्त्यावर हवा कापत जातात. काका खूश होत. पुढच्या ओळीत असायचं की बाजूने वारा आला तर तीच खोल कड शिडासारखा वारा धरते आणि पुढचं चाक हातातून ओढलं जातं. काका खुर्चीत मागे टेकत. "नांदेड रोडला उसाचे ट्रक जातेत. बाजूनं वारा मारला की माणूस बांधावर. न्हाई जमत." मग डोंगराच्या सायकलची चाकं. त्यांची कड रुंद असते, आत ट्यूब नसते. टायरमध्ये दुधासारखं एक औषध ओततात, काटा घुसला की ते भोकाशी येऊन घट्ट होतं आणि हवा राहते. काकांना हे फार आवडलं. ते दोनदा वाचून घेतलं. "बाभळीचा काटा असला तरी?" पानावर बाभळीचं नाव नव्हतं. मी म्हणाले, "असावं." मग जाड टायरच्या सायकलकडे एकदा बघून म्हणाले, "पण मला कुठं डोंगरात जायचंय. लातुरात डोंगर हाय का? रोडचंच वाच."

एका संध्याकाळी आम्ही मोडण्याच्या भागापर्यंत पोचलो. अॅल्युमिनियमची कड खड्ड्यात आपटली की वाकते, पोचा येतो, चाक डुगडुगायला लागतं, माणसाला कळतं. कार्बन वाकत नाही. वरून चांगलं दिसतं, आत चीर गेलेली असू शकते. जातं तेव्हा एकदम जातं.

"म्हणजे सांगून मोडत न्हाई," काका म्हणाले.

"हो."

"हलकं हाय, पण सांगत न्हाई." त्यांनी चष्मा काढला. नंतर माझ्याकडे बघून हसले. "तुझ्यावानीच की गं. तू बी कार्बनचीच."

त्या दिवसापासून मुखेडची मला कार्बन म्हणायला लागली. "ए कार्बन, मीठ दे." मला राग आला नाही. भिंतीपेक्षा बरं होतं.

काकांना सगळ्यांनी सांगून करावं असं वाटे. मुलींनी बाहेर जाताना सांगावं, गॅस संपायच्या आधी गॅसने सांगावं, पाहुण्यांनी तर सांगावंच. ओसरीवर स्टीलच्या तांब्यांची एक उतरंड होती, उपड्या तांब्यावर तांब्या, वर एक पेला. जमीन जरा जरी हलली तरी पेला पडून आवाज होणार. तिला हात लावायची काकूंनाही मुभा नव्हती. एका दुपारी आम्ही सराव परीक्षा सोडवत बसलो होतो आणि उतरंड खणखणत खाली आली. काकांची शिट्टी वाजली. शाळेतली शिट्टी ते गळ्यातच घालत. सुतळ्या तुटल्या, सगळ्या मुली पेनसकट अंगणात. एक तर डोक्याला तेल लावलेल्या अवस्थेत, टॉवेलमध्ये. शेजारच्या प्लॉटवर बोअर घ्यायची गाडी लागली होती, तिचा दांडा जमिनीत उतरत होता.

मुली हसायला लागल्या. मुखेडची म्हणाली, "काका, पाणी लागलंय, भूकंप न्हाई." काका हसले नाहीत. पायांत चप्पल नव्हती, तसेच बोअरवाल्याकडे गेले. तो तामिळ माणूस, त्याला मराठी कळेना. काका त्याला शांतपणे सांगत राहिले, "आधी सांगायचं. शेजारी येऊन सांगायचं, मग पाडायचं." मी फाटकात उभी राहून बघत होते. काकांनी एक हात दुसऱ्या हाताने पाठीमागे घट्ट धरून ठेवला होता. मग मी गेले आणि बोअरवाल्याच्या सुपरवायझरला इंग्रजीत सांगितलं. तेवढंच. पण काकांनी ते लक्षात ठेवलं असावं, कारण त्या आठवड्यात त्यांनी मला माळवदाची गोष्ट सांगितली.

सांगायला कारण चाकच होतं. पानावर लिहिलं होतं की वजन किती यापेक्षा वजन कुठे आहे हे महत्त्वाचं. तुंब्याजवळचं वजन जाणवत नाही, कडेवरचं तेवढंच वजन मात्र पायाला जड लागतं. काकांनी मला हाताने थांबवलं.

"बरोबर लिव्हलंय त्यानं. कुठं हाय ते महत्त्वाचं." ते लिंबाच्या फांदीकडे बघत होते. "आमचं घर माळवदाचं. दगडमातीच्या भिंती, वर लाकडं, लाकडावर माती. दरसाली पावसाच्या आधी वर नवी पांढरी माती टाकायची, म्हंजी गळत न्हाई. समदे टाकायचे. जुनी कुणी काढत न्हाई, वर नवी टाकतेत. बाप म्हातारा झालता. त्या साली मी सुट्टीला गेलतो. म्हणलं, तुम्ही बसा, मी टाकतो. चांगली जाड टाकली. आई म्हणाली, बास की रं. मी म्हणलं, औंदा एक थेंब गळू देत न्हाई."

टांगलेला काटा वाऱ्याने हलत होता.

"गळलं न्हाई," काका म्हणाले.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. इंग्रजीत एक वाक्य सुचलं, मराठीत एकही नाही. काकांनीच माझी सुटका केली. "वाच पुढं. तुंबा कसला चांगला म्हणतोय?"

त्यानंतर मला एक गोष्ट दिसायला लागली. काका पहाटे जिथे जात ते परत आल्यावर सांगत. उदगीर रोड, नांदेड रोड, बार्शी रोड, अंबाजोगाईच्या बाजूला. लातूरमधून जेवढे रस्ते निघतात तेवढे सगळे त्यांच्या बोलण्यात यायचे. औशाचा कधीच नाही. जाड टायरची सायकल तर ते चालवतच नव्हते. पण तिला रोज पुसत, साखळीला तेल देत, हवा बघत. जी सायकल चालवायची नाही तिची एवढी देखभाल कोण करतं? रोडच्या चाकांत ते दोष काढत, कारण त्यांना दुसरी हवी होती. दुसऱ्या चाकांतही दोष काढत, कारण ती आली तर जावं लागणार होतं. हे कळायला फिजिक्स लागत नव्हतं. फक्त बरेच दिवस गप्प बसून बघावं लागत होतं.

मी आता नांदेडला आहे. डॉक्टर झाले नाही, ती वेगळी गोष्ट. गेल्या दिवाळीनंतर कामासाठी लातूरला गेले तेव्हा त्या घरी जाऊन आले. उतरंड होती. घड्याळ तिथेच, कमरेला. काका अजूनही पत्र्याखालीच झोपतात, काकूंनी आता म्हणणं सोडलंय. जाड टायरची सायकल लिंबाला टेकून उभी होती. तिच्या काळ्या, चमक नसलेल्या चाकांच्या कडेवर माती वाळलेली होती, आणि मागच्या टायरमध्ये बाभळीचा एक लांब पांढरा काटा तसाच घुसलेला. मी तो उपटायला वाकले.

"काढू नको," काका म्हणाले. "पहिल्या बारीचा हाय. औषधानं धरलाय."

मी विचारलं, कसं होतं तिथे. एवढं मी आता विचारू शकते.

"काय न्हाई. वजनच न्हाई तिथं आता कशाचं. बाभळी हायत. फांदीवर व्हले घुमायलते." मग म्हणाले, "आपल्या दारातली उखळ हाय जाग्यावर. बसलो तिथं जरासा."

काकूंनी चहा आणला. म्हणाल्या, आता दर महिन्याला जातेत, मला डबा बांधायला लावतेत.

पण ती चाकं आली कशी, ते सांगायचं राहिलं.

परीक्षेच्या आधीचा रविवार होता, सकाळची वेळ. मी अंगणात पुस्तक घेऊन बसले होते. मुखेडची केस वाळवत होती. काकू परातीत डाळ निवडत होत्या. मुलाचा फोन आला. काका फोन नेहमी स्पीकरवर ठेवत, कानाला गरम लागतो म्हणून.

"पप्पा, मी दुकानातच उभा आहे. आज सांगा. रोडची घेऊ?"

"रोडची चांगलीच हायत. पण वाऱ्याचं कसंय..."

"मग डोंगरातलीची घेऊ, एमटीबीची?"

"ती बी चांगली. पण इथं डोंगर..."

"पप्पा, दोन वर्षं होत आली. तुम्हाला घ्यायचीच नाहीत. तसं सांगा, मी निघतो."

काकांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. काकूंचे हात परातीत थांबले. त्यांनी वर बघितलं नाही, पण त्या ऐकत होत्या हे त्यांच्या मानेवरून कळत होतं. मला वाटलं, आता काका "राहू दे" म्हणणार. ते म्हणाले की मग काही उरणार नाही. चाकं येणार नाहीत, आणि चाकं आली की असं म्हणायलाही जागा राहणार नाही.

"थांब," काका म्हणाले. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "हिला विचार. हिनंच वाचलंय समदं. काय म्हणतंय ते सांग गं त्याला."

"हॅलो," मुलगा म्हणाला. "बोला. काय ठरलं?"

मी वाचलेलं सांगू शकले असते. कडेची खोली, रुंदी, वजन, सगळं मला पाठ होतं. नाहीतर "काका ठरवतील" म्हणता आलं असतं, ते तर तोंडात तयारच होतं. मुखेडची टॉवेल हातात धरून माझ्याकडे बघत होती. काकांचा हात फोनसकट पुढे होता. बोअरच्या दिवशीसारखा त्यांनी तो पाठीमागे नेला नव्हता.

"दादा," मी म्हणाले, "जाड टायरच्या सायकलची घ्या. काकांना गावाला जायचंय."